शेवटच्या वर्षी सहा सराव परीक्षा कशासाठी?

विज्ञान शिक्षिका (धागा सुरू करणारी)
शालान्त परीक्षेच्या वर्षी आमच्या शाळेत सहा सराव परीक्षा होतात. पाठ्यक्रम कसाबसा उरकायचा आणि मग पेपरमागून पेपर. यंदा पहिल्या तीन परीक्षांच्या माझ्या विषयाच्या उत्तरपत्रिका मी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एका मुलीने आरशाच्या सूत्रात तिन्ही वेळा चिन्हांची तीच चूक केली होती. तिन्ही वेळा मी लाल पेनने गोल केला आणि पुढच्या परीक्षेच्या घाईत पेपर वाटून टाकला. तिच्याजवळ बसून ती चूक सोडवायला वेळापत्रकात तासच नव्हता.

माझं म्हणणं असं: सहाच्या दोन करा. वाचलेले दिवस उत्तरपत्रिका परत देऊन चुका सोडवून घ्यायला द्या. आणि तयारी दोन वर्षं आधी सुरू करा. दर आठवड्याला दहा मिनिटांची चाचणी घ्या, गुण कुठेही नोंदवू नका, आणि तिच्यात मागच्या महिन्याचे, मागच्या इयत्तेचेही प्रश्न घाला. शिकलेलं किती झपाट्याने विसरतं ते जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून मांडलं. तरी आपण आधीच्या इयत्तेतलं बीजगणित मुलांना आठवत असेल असं धरूनच पुढे शिकवतो.

गणित शिक्षक
मॅडम, दहा मिनिटांच्या चाचणीने तीन तास बसायची सवय लागत नाही. माझ्या वर्गात पहिल्या सराव परीक्षेला निम्म्या मुलांचा शेवटचा प्रश्न कोरा असतो. येत नाही म्हणून नव्हे, दुसऱ्या प्रश्नात अडकून पडतात म्हणून. अडलेलं सोडून पुढे जायचं, हे नुसतं सांगून कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही. चौथ्या परीक्षेपर्यंत कोऱ्या जागा बऱ्याच कमी होतात.

शिवाय संशोधन तर माझ्या बाजूने आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग घ्या. एका गटाने उतारा चार वेळा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के भाग आठवत होता, नुसतं वाचणाऱ्यांना ४०. म्हणजे चाचण्या वाढवायला हव्यात!

विज्ञान शिक्षिका
सर, त्याच प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारा गट पुढे होता. मुलांना रात्री घोकून सकाळी लिहिताना 'सगळं येतंय' असं वाटतं ते त्यामुळेच. आठवून लिहिण्याचा फायदा मला मान्यच आहे, म्हणून तर दर आठवड्याची चाचणी मागते आहे. पण त्या प्रयोगातली मुलं एका उताऱ्यावर लिहीत होती, तीन-तीन तास सगळ्या विषयांचे पेपर नाही. कोऱ्या जागांचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर मी विचार केला नव्हता.

एक पालक
मी दिवसभर कामावर असते. शिकवणीची फी आम्हाला झेपत नाही. माझ्या मुलाला घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहायची संधी शाळेतच मिळते. तुम्ही सहाच्या दोन कराल, तेव्हा बाहेर पैसे भरणारी मुलं तिथे दहा पेपर लिहितील. कमी होणार ते आमच्याच मुलांचं. एवढं ध्यानात ठेवा.

निवृत्त मुख्याध्यापिका
ताईंचं म्हणणं पहिल्यांदा ऐकलं पाहिजे, कारण शाळा मुळात अशाच मुलांसाठी असते.

पण तपासणीचा हिशेबही मांडू या. एका वर्गाच्या साठ उत्तरपत्रिका, प्रत्येकीला पंधरा मिनिटं, म्हणजे पंधरा तास. दोन तुकड्या असतील तर तीस. सहा परीक्षांचे १८० तास, तेही रोज शिकवून झाल्यावर. अशा तपासणीत शिक्षक गुण मोजतो, चुका वाचत नाही. मी स्वतः मुख्याध्यापिका असताना परीक्षांची संख्या वाढवली होती, निकाल सुधारावा म्हणून. शेवटच्या वर्षी चित्रकलेचे आणि खेळाचे तास मी काढून घेतले. काठावरच्या मुलांवर सगळा जोर लावला, कारण निकालाचा आकडा तिथेच हलतो. अगदी मागे पडलेल्यांकडे कुणी फिरकलं नाही. एखादा आकडा मोठ्या निर्णयांचा आधार झाला की तो आकडा आणि त्यामागचं काम दोन्ही बिघडतं, असं डोनाल्ड कॅम्बेल या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात लिहिलं. मी ते माझ्याच शाळेत घडवलं, आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं.

गणित शिक्षक
बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण आणखी एक बाजू पाहा. २०२०मध्ये इंग्लंडमध्ये परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी सूत्राने बदलल्या आणि ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीसारख्या परीक्षेच्या, जवळपास ४० टक्के श्रेणी खाली आल्या. त्या सूत्रात शाळेच्या मागच्या निकालांना वजन होतं. आरडाओरड झाल्यावर ते मागे घेतलं आणि शिक्षकांच्या श्रेणी धरल्या. अशी वेळ आली तर मुलाच्या हातात काय असतं? शाळेत नीट घेतलेल्या, नीट जपलेल्या परीक्षांच्या उत्तरपत्रिका. दोनच घेतल्या आणि एकीच्या वेळी मूल आजारी पडलं तर?

विज्ञान शिक्षिका
ठीक, दोन नकोत, तीन घेऊ. ताईंच्या आणि सरांच्या म्हणण्यापुढे दोनवर अडून बसणं बरोबर नाही. पण दोन परीक्षांमध्ये किमान चार आठवडे हवेत. त्यातला पहिला आठवडा नवा धडा न घेता फक्त उत्तरपत्रिकांचा. आणि ज्यांना घरी शांत जागा नाही त्यांच्यासाठी एक वर्ग शाळा सुटल्यावर दोन तास उघडा, जुने पेपर आणि घड्याळासकट. तिथे थांबायला मी आठवड्यातून दोन दिवस तयार आहे.

गणित शिक्षक
मंगळवार-गुरुवार माझे. चौथ्या परीक्षेचा आग्रह मात्र मी सोडलेला नाही.

एक पालक
वर्ग नक्की कधीपासून उघडणार ते कळवा. मुलाला पाठवते.