ज्यांना ब्लॉक करता येत नाही, अशांचं काय करता? (अनुभव धागा)

आवळासुपारी

ऑनलाइन कुणी त्रास दिला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ब्लॉक कर, लक्ष देऊ नकोस, फोन बाजूला ठेव. अनोळखी माणूस 'तुमची कीव येते' लिहून गेला तर हे चालतं. मला आजवर ज्यांनी खरा ताप दिला ते मात्र सगळे ओळखीचेच निघाले. चुलत दिराला ब्लॉक केलं तरी गणपतीत त्यांच्या पानात मोदक मलाच वाढायचे असतात.

सुरुवात मी करते. आमचा दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शाळेत मी अडखळत बोलायचे, अजूनही कधीकधी अडखळते. त्यावरून पडलेलं नाव ग्रुप झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात पुन्हा वर आलं. इथवर ठीक. मग एकाने माझी नक्कल करून व्हॉइस नोट टाकली. खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. हा माणूस आज एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, पोरंबाळं आहेत. ॲडमिन मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, "अगं, प्रेमाने चिडवतात, मनाला लावून घेऊ नकोस."

२०२२पासून ग्रुप गुपचूप सोडता येतो, फक्त ॲडमिनला कळतं, म्हणून सोडला. पण गेल्या ६० दिवसांत कोण कोण गेलं याची यादी बाकीच्यांना उघडून बघता येते. कुणीतरी बघितलीच, आणि पुढचे दोन दिवस विषय एकच, 'तिला राग आला'. हे मला चार जणींनी स्वतंत्रपणे फोन करून कळवलं. त्या चौघींपैकी ग्रुपवर एक अक्षर कुणी लिहिलं नव्हतं.

तर आपापले अनुभव लिहा. नावं, ग्रुपची नावं, स्क्रीनशॉट नकोत.

तिसरा मजला

आमच्या सोसायटीत साडेतीनशे फ्लॅट. पार्किंगच्या आकारणीवरून माझा समितीशी वाद होता, तेवढी रक्कम मी लेखी हरकत नोंदवून थांबवली होती. सेक्रेटरींनी थकबाकीदारांची यादी ग्रुपवर टाकायला सुरुवात केली. रोज सकाळी आधी गुलाबाचं फूल आणि सुविचार, त्याखाली यादी. मग एकेकाची शेरेबाजी. 'गाडी घ्यायला पैसे असतात', 'काही लोकांना लाज नसते', आणि खाली अंगठे.

मी दोनदा उत्तर दिलं. प्रत्येक उत्तरावर दहा नवे मेसेज. शेवटी माझी मुलगी खेळून वर आली आणि विचारायला लागली, "बाबा, आपलं नाव लिस्टमध्ये आहे का?" बागेत पोरं तिला तसं म्हणाली होती. त्या संध्याकाळपासून ग्रुपवर लिहिणं बंद केलं आणि साध्या कागदावर पत्र लिहिलं. अमुक तारखेचे अमुक मेसेज, माझी हरकत प्रलंबित आहे, हे पत्र मासिक सभेपुढे ठेवून इतिवृत्तात नोंद घ्यावी. कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही, म्हणजे रीतसर पोच घेतली.

ग्रुपवर गर्जणारे हेच गृहस्थ. त्यांचं उत्तर आलं ते 'आपले दि. अमुकचे पत्र प्राप्त झाले, आपल्या भावना दुखावण्याचा समितीचा हेतू नव्हता' असं. वाचून मी हसलोच. यादी ग्रुपवरून गेली. नोटीस बोर्डावर अजून लागते. ती मी चालवून घेतो, तिच्याखाली निदान कुणाला अंगठा देता येत नाही.

खजिनदार (नाइलाजाने)

तिसरा मजला, तुमच्या लेकीचं वाचून वाईट वाटलं. पण दुसरी बाजूही ऐका. आमच्याकडे काही सभासद वर्षानुवर्षं भरत नाहीत, लिफ्टचं बिल बाकीच्यांनी भरायचं. मागितलं की 'छळ होतोय'. थकबाकी मागणं म्हणजे छळ नव्हे.

तिसरा मजला

मागणं नव्हेच. घरी पत्र द्या, नोटीस द्या, तरी नाही भरले तर उपनिबंधकांकडून वसुली दाखला घ्यायची सोय सहकार कायद्यात आहेच. साडेतीनशे घरांसमोर रोज सकाळी नाव वाचून पैसे वसूल होतात असं कुठे लिहिलंय, ते दाखवा.

खजिनदार (नाइलाजाने)

नाही लिहिलेलं. मान्य.

काया मसाला

मी जळगाव जिल्ह्यातली. यूट्यूबवर आमच्याकडचं करून दाखवते: वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी. घरी बोलते तशीच बोलते. 'आनि', 'पानी', काळ्याला 'काया'. पहिला व्हिडिओ जरा चालला आणि खाली सुरू झालं: आधी मराठी शिका, कान किटले, व्हिडिओ आवाज बंद करून बघावा लागला. कुणी कुणी तर भरताबद्दल चकार शब्द न लिहिता माझे 'न' मोजून गेले! सवय झाली. 'शुद्ध' आणि 'उच्चार' हे दोन शब्द मी अडवलेल्या शब्दांच्या यादीत घातले. ते आले की कमेंट आधी माझ्याकडे तपासायला थांबते. निम्मा कचरा तिथेच अडकतो.

एक खातं मात्र वेगळं होतं. फुलाचा फोटो, नाव बनावट. शेरे फार नेमके. एकदा लिहिलं, 'एवढ्या ओट्यावर एवढा पसारा, व्हिडिओत बरा लपवला.' माझा ओटा व्हिडिओत पुरता दिसतच नाही. मग जुन्या कमेंटी काढून वाचल्या. एका ठिकाणी सासूबाईंच्या पितळी पातेल्याचा उल्लेख होता, जे वाटणीत माझ्याकडे आलं. घरातलीच बाई. कोण, हे कळायला वेळ लागला नाही.

भांडण काढलं असतं तर तिने कबूल केलं नसतं आणि मी चारचौघांत वेडी ठरले असते. यूट्यूबवर एखाद्याला चॅनेलवरून लपवायची सोय असते. ती व्यक्ती लिहीत राहते, तिचं लिहिलेलं बाकी कुणाला दिसत नाही आणि तिला तशी सूचनाही जात नाही. तेच केलं. दिवाळीला आली होती. भरीत मागून खाल्लं, "किती छान चाललंय गं तुझं" म्हणाली. अजूनही लिहीत असेल. लिहू दे.

एस्टीचा पास

😄 काया मसाला, चॅनेलचं नाव सांगू नका, पण भरिताला हिरवी मिरची भाजून की तळून, तेवढं सांगा.

इन्स्टावर याच जातीची 'रिस्ट्रिक्ट' नावाची सोय आहे. ऑफिसातला एक जण माझ्या प्रत्येक फोटोखाली वजनावरून लिहायचा. ब्लॉक केलं असतं तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याचीच चर्चा. आता त्याची कमेंट फक्त त्यालाच दिसते.

लेकाची आई

मुलगा आठवीत. सहलीहून परतताना बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपला होता. कुणीतरी फोटो काढला, त्याचं स्टिकर केलं. शिक्षकांनी गृहपाठ टाकला की त्याखाली पोरांच्या ग्रुपवर ते स्टिकर. मग दुसऱ्या तुकडीत गेलं. मग ट्यूशनच्या ग्रुपवर. मला हे कळलं ते त्याने ट्यूशनला जायचं टाळायला सुरुवात केल्यावर. रोज पोट दुखायचं.

पालकांच्या ग्रुपवर लिहायला मी मेसेज टाइप करून ठेवला होता, चांगला लांबलचक. लेक म्हणाला, "आई, तू तिथे काही लिहिलंस तर त्याचंही स्टिकर होईल." खरंच होतं त्याचं. मेसेज पुसला आणि वर्गशिक्षिकेला जाऊन भेटले. बाईंनी वर्गात कुणाचंही नाव न घेता फोटो आणि स्टिकर या विषयावर एक तास घेतला, आणि ज्या दोघांनी केलं होतं त्यांना नंतर वेगळं बोलावलं. एकाच्या आईचा मला फोन आला, चक्क रडत होती. दुसऱ्याची म्हणाली, "मुलं आहेत, चालायचंच."

स्टिकर गेलेलं नाही. ज्यांनी जपून ठेवलं त्यांच्या फोनमधून ते कसं काढणार? हल्ली मुलगा स्वतःच ते पाठवतो, उशीर झाला, झोप आली वगैरे सांगायला. माझ्या भावाला हे फार हुशारीचं वाटतं. मला अजून ठरवता आलेलं नाही. पोट मात्र दुखायचं थांबलंय.

निवृत्त शिरस्तेदार

कायद्याची चौकशी व्यक्तिगत संदेशांतून बऱ्याच जणांनी केली, म्हणून इथेच लिहितो.

'६६अ लावा' असं अजूनही कुणीतरी सांगतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. २०१२मध्ये मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून पालघरला दोन मुलींना अटक झाली होती, तिथून ते प्रकरण पुढे गेलं. कलम गेलं ते बरंच झालं, नुसत्या 'त्रासदायक' वाटण्यावर माणूस आत जात होता.

ग्रुप ॲडमिनबद्दल: सभासदाने काही लिहिलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. गोंदियाच्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये हेच सांगितलं. तिथेही ग्रुपवर एका महिलेला घाणेरडं बोललं गेलं होतं आणि ॲडमिनने काही केलं नाही अशीच तक्रार होती. पण गुन्हा नसणं वेगळं आणि माणुसकी वेगळी. कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसायची सोय ॲडमिनला आहे, वापरावी.

बाई स्पष्ट नको म्हणत असताना कुणी पुनःपुन्हा संपर्क करत असेल किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवत असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा. नुसती बदनामी (कलम ३५६) अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात नोंद करून परत पाठवतील, पुढची वाट दंडाधिकाऱ्यांकडे. ऑनलाइन तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. मुलांसाठी १०९८.

आणि रागाच्या भरात मेसेज पुसू नका. नंबर आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, आणि ज्या फोनवर आलं तो फोन विकू नका. पुढे कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा मूळ फोन असलेला बरा.

एस्टीचा पास

शिरस्तेदारकाका, एक शंका. आवळासुपारी ताईंची ती व्हॉइस नोट. त्यावर काही होतं का?

निवृत्त शिरस्तेदार

खरं सांगू? फारसं नाही. असल्या गोष्टीला पोलीस ठाण्यापेक्षा ग्रुपमधल्या एकाने 'पुरे रे' लिहिलेलं जास्त लागू पडतं.

आवळासुपारी

काका, चौघींना धाग्याची लिंक पाठवली आहे. दोघींनी वाचली, निळ्या खुणा दिसतायत.

गवती चहा

माझंही घ्या. सासरचा ग्रुप, बावन्न माणसं. शेरे मारणारे मामेसासरे, वय ७८, ॲडमिन तेच. माझ्या नोकरीवरून, कपड्यांवरून, लेकीला बोर्डाऐवजी सीबीएसईत घातलं त्यावरून. नवरा म्हणतो, म्हातारा माणूस आहे, सोड. यावर कुणाकडे काही चाललेला उपाय आहे का? 'बोलून बघ' सोडून सांगा. ते झालंय.