जुन्या मर्सिडीजचा उतरलेला रंग: घरी हात लावावा की लावू नये?

सावकाश (पुणे)

जुनी मोठी गाडी घेऊन कुठल्याही डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा आणि बॉनेटवरचे चार डाग दाखवा. तो गाडीभोवती एक फेरी मारतो आणि म्हणतो, "साहेब, फुल बॉडीच मारून टाकू." त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. चार डाग नीट काढायला अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं. पूर्ण गाडी रंगवायचे मात्र देतं. म्हणून माझं ठाम मत आहे की अशा गाडीची वरवरची झीज मालकानेच घरी, स्वतःच्या हाताने काढावी. कारखान्यातला मूळ रंग एकदा खरवडला की तो कायमचा गेला, आणि तो वाचवायला लागतो तेवढा वेळ फक्त मालकाकडेच असतो.

माझी गाडी १९९६ ची ई२२०, म्हणजे मर्सिडीजने १९९५ पासून पिंपरीत, टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात जोडायला घेतलेली डब्ल्यू१२४ मॉडेलची गाडी. रंग ब्रिलियंट सिल्व्हर, कोड ७४४. इंजिन ठणठणीत. झीज आहे ती सगळी दिसण्यातली: सोसायटीच्या गाड्या पुसणाऱ्या मुलाने एकाच बादलीत एकच फडकं बुडवून वर्षानुवर्षं पुसल्यामुळे उठलेल्या गोलगोल रेघा, ड्रायव्हरच्या सीटची चिरलेली कड, गिअरभोवतीच्या लाकडी पट्टीला गेलेले तडे, आणि टपावर बेसमेंटच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्याचे पांढरे ओघळ.

या ओघळांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पार्किंग बेसमेंटमध्ये असलेल्या जवळपास प्रत्येकाला हा त्रास आहे. स्लॅबमधून झिरपणारं पाणी सिमेंटमधला चुना सोबत आणतं. रंगावर तो वाळतो, दगडासारखा घट्ट बसतो, आणि अल्कली असल्यामुळे बराच काळ राहिला तर वरचा पारदर्शक थर खाऊ लागतो. त्याला नखाने खरवडायचं नाही आणि कोरडं फडकंही लावायचं नाही, नाहीतर चुन्याची कणी रंगावर ओरखडे काढते. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, त्यात सुती फडकं भिजवून डागावर पाचेक मिनिटं पसरून ठेवा. चुना बारीक फसफसून मऊ पडतो. मग भरपूर पाण्याने धुवा, उरला असेल तर पुन्हा तेच. पत्रा गरम असताना किंवा उन्हात हे करू नका. याच डागांसाठी मला आख्खा टप रंगवून घ्यायचा सल्ला मिळाला होता!

ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

पत्राकाम (कोल्हापूर)

सावकाशराव, मी हेच काम करतो, म्हणून स्पष्ट बोलतो. चुन्याचं लिहिलंय ते बरोबर. पण "घरी करा" म्हटलं की लोक तिथं थांबत न्हाईत. ऑनलाइन पॉलिश मशीन मागवतात आणि रविवारी सुरू होतात.

कारखान्याचा रंग प्रायमर धरून सगळा मिळून १०० ते १५० मायक्रॉन असतो. त्यातला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, ४०-५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. तीस वर्षांत या गाड्या कितीदा रबिंग, म्हणजे घासून पॉलिश, झाल्यात याची नोंद कुणाकडं नसते. कडांवर आणि बॉनेटच्या उभ्या घडीवर थर आधीच कमी असतो, तिथं गोल फिरणारं मशीन दोन सेकंद जास्त टेकलं की संपलं. मग गाडी आमच्याकडं येते, आणि तेव्हा फुल पॅनेल मारण्याशिवाय आमच्याही हातात काही राहत न्हाई. पेंटवाला सरसकट फुल बॉडी सांगतो हे तुमचं म्हणणं अर्धंच खरं. कितीतरी वेळा गाडी त्या अवस्थेला मालकानंच आणलेली असते.

दुसरं, तुमचा रंग सिल्व्हर. टच-अपला सगळ्यात अवघड हाच. त्यातली ॲल्युमिनियमची चमकी स्प्रे गनमधून मारली की पत्र्यावर सपाट बसते. ब्रशनं लावली की उभी-आडवी कशीही बसते आणि ठिपका काळपट दिसतो. कोड ७४४ चा अस्सल रंग आणला तरी तेच होणार. आम्हीसुद्धा सिल्व्हरचं एक दार मारायचं म्हटलं की शेजारच्या पॅनेलवर रंग विरवत नेतो, तेव्हा कुठं डोळा फसतो. ते घरी कसं करणार तुम्ही?

रसायनी (ठाणे)

मी रंगांच्या प्रयोगशाळेत काम करते. दोघांच्या मधली एक गोष्ट राहून गेली आहे.

त्या काळातल्या मेटॅलिक रंगांवर क्लिअर असतो, पण साधे पांढरे, काळे, लाल रंग बरेचदा एकाच थराचे असत, वर वेगळा क्लिअर नाही. पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात हलकं घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर तो एकथरी. असा रंग उन्हाने खडूसारखा पांढुरका पडतो, आणि तो घरी हाताने चोळूनही परत येतो, कारण खाली तोच रंग शिल्लक असतो. क्लिअरचं तसं नसतं. तो उन्हाने मरून साल निघावी तसा सुटायला लागला की जगातलं कुठलंही पॉलिश त्याला जोडत नाही. तेव्हा "घरी होतं" आणि "घरी होत नाही" हे दोघांचंही खरं आहे, फक्त गाड्या वेगळ्या.

माझा कडक विरोध आहे तो घरी फवारणीला. टू-के क्लिअर म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा क्लिअर, आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. पेंटरांच्या व्यवसायजन्य दम्याच्या प्रमुख कारणांपैकी ते एक. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या वासानेही श्वास कोंडतो. कापडी मास्कचा त्यावर शून्य उपयोग, आणि कोळशाच्या फिल्टरवरही निर्धास्त राहता येत नाही. रंग फवारायच्या व्यावसायिक बूथमध्ये बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क वापरतात तो याचसाठी. स्प्रे कॅनमध्येसुद्धा टू-के मिळतो, त्यालाही हेच लागू. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथून मुलं सायकली काढतात, तिथे हे करणं मला अजिबात मान्य नाही.

ताम्रपट (मुंबई)

माझं मत तुम्हा तिघांपेक्षाही टोकाचं आहे: काहीच करू नका. धुवा, वॅक्स लावा आणि चालवा.

सीटची कड चिरली आहे म्हणता. एकाच कुटुंबाने पंचवीस-तीस वर्षं त्या बाजूने आत-बाहेर केल्याची ती खूण आहे. लोक काय करतात, पॉलिश पेपरने चामडं घासतात, फिलर भरतात आणि वर रंग मारतात. घासताना चामड्याची मूळ दाणेदार पोत जाते आणि सीट रेक्झिनसारखी गुळगुळीत दिसायला लागते. पुढे खरेदीदार येतो तेव्हा त्याला नव्याने रंगवलेली सीट दिसते आणि तो विचारतो, अजून काय काय लपवलंय? झिजलेल्या सीटवर कोणी संशय घेत नाही. तुम्ही रंगाबाबत मूळ ते जपा म्हणता आणि सीटची झीज मात्र घरी काढायला निघता, हे मला पटत नाही.

नेकरकाठ (श्टुटगार्ट)

ताम्रपट यांच्याशी अर्धा सहमत. इथे जर्मनीत गाडी ३० वर्षांची झाली की 'एच' अक्षराची ऐतिहासिक नंबरप्लेट मिळू शकते. त्यासाठी तज्ज्ञ तपासतो ते दोन गोष्टींसाठी: गाडी बऱ्याच अंशी मूळ स्वरूपात आहे का, आणि चांगल्या स्थितीत सांभाळलेली आहे का. वयाची खूण चालते, हेळसांड चालत नाही. डब्ल्यू१२४ च्या सुरुवातीच्या गाड्या या वयात कधीच पोचल्या, म्हणून इथले मालक मूळ रंग आणि मूळ कापडासाठी जीव टाकतात. भारतात २०२१ च्या नियमांनुसार विंटेजची अट ५० वर्षांची आहे. म्हणजे १९९६ ची गाडी २०४६ पर्यंत कागदावर नुसती 'जुनी' गाडीच. तोवर ती टिकवायची कोणी? मालकानेच.

चामड्याचं म्हणाल तर चीर तशीच ठेवली म्हणजे ती तेवढीच राहते असं नाही. या सीट रंगवलेल्या चामड्याच्या असतात, वर एक संरक्षक थर असतो. तो फाटला की घाम आणि धूळ थेट चामड्यात जाते, कड वाळते आणि चीर लांबते. पाण्याचा थेंब टाकून बघा. तो तसाच उभा राहिला तर थर शाबूत आहे, पुसून घेणं पुरेसं. थेंब शोषला जाऊन जागा गडद झाली तर तिथे काम करायला हवं, तेही फक्त तिथे. सौम्य साबणाने धुवून, वाळवून, पाण्यात विरघळणारा चामड्याचा रंग स्पंजने पातळ-पातळ थरांत लावायचा आणि वर मॅट टॉपकोट द्यायचा. आख्खी सीट घासायची गरजच नाही. आणि खोबरेल तेल नको. थर असेल तिथे ते आत शिरत नाही, नुसती धूळ धरून ठेवतं.

ओंकार_न (नाशिक)

माझ्याकडे २००९ ची बीएमडब्ल्यू थ्री सिरीज आहे. टपाचं आतलं कापड मागच्या सीटवरच्यांच्या डोक्याला लागतंय. घरी करता येईल का? स्टेपलर मारा, टाचण्या लावा असे सल्ले मिळालेत.

पत्राकाम (कोल्हापूर)

टाचण्या मारू नका भावा. कापडामागचा फोम कुजून त्याची पिवळी भुकटी झालेली असते. कापड धरणार कशाला? टपाचा आतला बोर्ड खाली काढायचा, ब्रशनं सगळी भुकटी झाडायची, नवीन फोमवालं कापड उष्णतेला टिकणाऱ्या सोल्युशननं चिकटवायचं. साधं सोल्युशन पहिल्याच मे महिन्यात सोडतं. कापड चिकटवणं अवघड न्हाई, कुशनवाला अर्ध्या दिवसात करतो.

पण बोर्ड काढायचा म्हणजे खांबांची प्लास्टिकं काढावी लागतात, आणि तुमच्या गाडीत तिथंच टपाच्या कडेला पडद्याच्या एअरबॅगा आहेत. बॅटरीची वायर सोडवून थोडं थांबल्याशिवाय तिथं हात घालू नका. बऱ्याच गाड्यांत त्या खांबांच्या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात, काढल्या की नव्याच लावायच्या. जुनी क्लिप दाबून बसवली तर एअरबॅग फुटताना ते प्लास्टिक तोंडावर येईल. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्या, घरी न्हाई.

सावकाश (पुणे)

पत्राकाम, कडा आणि मशीनबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. माझ्या मते घरी फिरणारं मशीन आणूच नये. हाताने, कमी घासणाऱ्या पॉलिशने सत्तर टक्के रेघा जाव्यात आणि उरलेल्या तीस राहाव्यात. सगळ्या रेघा घालवायचा हट्टच क्लिअर संपवतो. पुसणाऱ्या मुलाला मी दोन बादल्या आणि चार मायक्रोफायबर फडकी आणून दिली आणि कोरडं पुसायचं नाही हे समजावून सांगितलं. ते केलं नसतं तर पॉलिशचा काहीच उपयोग नव्हता.

सिल्व्हरच्या टच-अपवर मात्र मी मागे हटत नाही. दगड उडून रंगाचा गेलेला टवका टाचणीच्या डोक्याएवढा असेल तर टूथपिकने रंग भरला की जवळून काळपट दिसतोच, तुम्ही म्हणता तसा. पण उघडा पत्रा झाकला जातो आणि पावसाळ्यात तिथे गंज धरत नाही. त्या ठिपक्यासाठी दार आणि शेजारचा फेंडर दोन्ही नव्याने मारून तीस वर्षांचा रंग घालवणं मला महाग वाटतं, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये.

ताम्रपट, लाकडी पट्टीचं सांगा. तडा खऱ्या विनिअरला, म्हणजे लाकडाच्या पातळ थराला नाही, वरच्या जाड लॅकरला आहे. उन्हाने लॅकर ताणला जाऊन फुटला. विनिअर कागदासारखं पातळ असतं आणि त्या तड्यांतून ओल आत गेली की ते काळं पडतं. हेसुद्धा तसंच ठेवायचं?

ताम्रपट (मुंबई)

ठेवायचं. फार तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर दुसरी पट्टी शोधा आणि तुमची मूळची कापडात गुंडाळून जपून ठेवा.

रसायनी (ठाणे)

दुसरी पट्टी मिळाली तरी तिच्या लाकडातल्या रेषा तुमच्या दारांवरच्या लाकडाशी जुळणार नाहीत. एका गाडीतले तुकडे बहुधा एकमेकांशी जुळवून घेतलेले असतात. लॅकर काढून नवा देणं हे पट्टी बदलण्यापेक्षा मूळाच्या जास्त जवळचं आहे. पट्टी सुटी निघते, त्यामुळे फवारणी पेंटरच्या बूथमध्ये करून घ्या. घासायचं काम तेवढं घरी.

ओंकार, तुमच्या गाडीचे हेडलाइट पिवळे पडले असतील तर टूथपेस्टच्या नादी लागू नका. सावकाश यांच्या गाडीला काच आहे, तुमच्या गाडीला पॉलिकार्बोनेट. घासलं की ते स्वच्छ दिसतं, पण घासण्यात वरचा अतिनील किरणांपासून वाचवणारा थरही जातो, आणि नवा थर दिला नाही तर काही महिन्यांत पहिल्यापेक्षा वाईट पिवळं होतं.

पत्राकाम (कोल्हापूर)

सावकाशराव, टवक्याचं चालेल, त्यावर भांडत न्हाई. पण तुम्ही सगळं वरवरचं बघताय आणि या गाडीचा गंज वरून दिसतच न्हाई. दारांच्या खाली बाजूला ज्या रुंद प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत त्यांच्या मागं तो असतो. पट्टीवर जॅक लावायच्या जागी छोटी झाकणं आहेत. ती काढा, आत बोट घाला. माती आली तर धुऊन काढा, पत्र्याची पापुद्र्यासारखी खपली आली तर पॉलिश, सीट, लाकूड सगळं बाजूला ठेवा आणि आधी पत्रा करून घ्या. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फेरनोंदणीला आरटीओत गाडी न्यावी लागते, तिथं चकाकी कोण बघत न्हाई. पट्ट्या काढणार असाल तर क्लिपांचा संच आधी मागवा, तीस वर्षांचं प्लास्टिक हात लावला की तुटतं.

सावकाश (पुणे)

पुढची दोन्ही झाकणं आत्ता काढून बघितली. डावीकडे नुसती माती. उजवीकडे मातीसोबत तपकिरी खपल्या आल्या, नखाएवढ्या. क्लिपा मागवतो. पट्ट्या काढल्यावर फोटो टाकतो, तेव्हा वेल्डिंग लागेल की घासून प्रायमर पुरेल ते तुम्हीच सांगा.

पत्राकाम (कोल्हापूर)

फोटो नको. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका, आवाज बद्द आला की वेल्डिंग. आणि ते घरी न्हाई.