सगळं मालकावर असतं
"पुस्तकांच्या दुकानातली नोकरी म्हणजे नुसती हमाली, वाचायला कुठे मिळतं" असं म्हणतात ते मला अर्धंच पटतं, मालक कसा आहे त्यावर असतं ते. पुढे विजेवरच्या शोधांसाठी प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे १८०४ मध्ये लंडनला ब्लँडफर्ड स्ट्रीटवर जॉर्ज रीबोच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला, वाचायला दिलेले पेपर घरोघर पोचवायचे आणि परत गोळा करून आणायचे, मग पुढची सात वर्षं बाइंडिंगची उमेदवारी. बाइंडिंगला आलेल्या ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याने तिथेच वाचला आणि रीबोने त्याला प्रयोगसुद्धा करू दिले, मला तर ह्या रीबोचं फार कौतुक वाटतं. १८१२ मध्ये दुकानातल्याच एका गिऱ्हाइकाने फॅरेडेला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली, पोराने नोट्स काढल्या, स्वतः बाइंड करून डेव्हीलाच पाठवल्या, आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागला.