वर्षाचा एकच प्रवास विमा की दर फेरीला वेगळा? (वर्षात आठ फेऱ्या)

खिडकीचीसीट

वर्षात परदेशाच्या साधारण आठ फेऱ्या ठरलेल्या आहेत. पाच कामाच्या, प्रत्येकी ४ ते ६ दिवस, तारखा जेमतेम आठवडाभर आधी पक्क्या होतात. दोन कुटुंबासोबत, १२-१४ दिवसांच्या, पण बुकिंग पाच-सहा महिने आधी. आणि एक सलग ५० दिवसांची. दर वेळी वेगळी पॉलिसी घेण्यापेक्षा वार्षिक घ्यावी का, असा विचार आहे. शंका अशा:

किती फेऱ्या झाल्या की वार्षिक परवडते? ५० दिवसांची फेरी तिच्यात बसते का? रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दोन्हींत काही फरक पडतो का? आणि शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) वार्षिक पॉलिसी चालते का?

बारीकअक्षर

हा निर्णय फेऱ्या मोजून करू नका. आधी दोन गोष्टी बघा: सगळ्यात लांब फेरी किती दिवसांची आहे, आणि पैसे किती आधी भरले जातात. हप्त्याचा हिशोब त्यानंतर.

पहिली गोष्ट दिवसांची. वार्षिक पॉलिसीवर 'वर्षभरात कितीही फेऱ्या' हे ठळक छापलेलं असतं आणि 'एका फेरीत जास्तीत जास्त अमुक दिवस' हे आतल्या पानावर. ही मर्यादा बहुधा ३०, ४५ किंवा ६० दिवसांची असते, क्वचित ९०. मोजणी घरून निघाल्या दिवसापासून घरी परतल्या दिवसापर्यंत, आणि बहुतेक ठिकाणी दोन्ही दिवस धरून. रात्री ११ वाजता निघालात तरी तो पहिला दिवस. मध्ये तीन देश फिरलात तरी घरी येईपर्यंत ती एकच फेरी.

आता तुमचे ५० दिवस आणि समजा मर्यादा ४५ दिवसांची. इथे पॉलिसीची भाषा दोन प्रकारची सापडते. एकीत पहिले ४५ दिवस कव्हर असतात, शेवटचे पाच नसतात. दुसरीत 'मर्यादेपेक्षा लांब ठरवलेली फेरी या पॉलिसीत येतच नाही' असं असतं. म्हणजे तिसऱ्याच दिवशी पाय मोडला तरी क्लेम फेटाळला जाऊ शकतो, कारण क्लेमसोबत परतीचं तिकीट मागतात आणि त्यावर पन्नासावा दिवस दिसतो. दोन्ही वाक्यं वाचताना सारखीच वाटतात, म्हणून विकत घेण्याआधी नेमकं हेच लेखी विचारून घ्या. 'सगळं कव्हर आहे हो' असं उत्तर आलं तर पान नंबर विचारा.

शेवटच्या पाच दिवसांपुरती छोटी पॉलिसी जोडायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. ती सहसा चालत नाही. एकेरी (एकाच फेरीपुरती) पॉलिसी घरून निघण्याआधी घ्यावी लागते आणि प्रवास घरून सुरू होऊन घरी संपावा अशी अट असते. तेव्हा ५० दिवसांच्या फेरीसाठी सरळ पूर्ण ५० दिवसांची वेगळी पॉलिसी घ्या, तीही दोन-चार दिवस जास्त धरून. एकेरी पॉलिसी मुदत संपण्याआधी परदेशातून वाढवून मिळण्याची सोय अनेकदा असते (तोवर क्लेम नसल्याचं लिहून द्यावं लागतं). वार्षिकमध्ये फेरीची मर्यादा अशी सहसा ताणता येत नाही. विमान रद्द झाल्यामुळे किंवा दवाखान्यात अडकल्यामुळे मुक्काम लांबला तर मात्र बऱ्याच पॉलिसी आपोआप काही दिवस वाढवून देतात. किती दिवस, हे शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या तपशिलाच्या पानावर) असतं.

दुसरी गोष्ट प्रवास रद्द होण्याची, आणि माझ्या मते जास्त लोक हिच्यातच फसतात. एकेरी पॉलिसीत रद्द होण्याचं कव्हर सहसा पॉलिसी घेतल्यापासून लागू होतं, बाकीचं निघाल्यापासून. वार्षिकमध्ये सगळंच पॉलिसीच्या 'सुरू तारखे'पासून. पैसे वाचवायचे म्हणून लोक सुरू तारीख पहिल्या विमानाच्या दिवसाची टाकतात. मग सहा महिने आधी भरलेल्या हॉटेल-तिकिटांना त्या दिवसापर्यंत काहीच आधार नसतो. तुमच्या दोन्ही कौटुंबिक फेऱ्या नेमक्या या प्रकारच्या आहेत. सुरू तारीख पहिल्या मोठ्या बुकिंगच्या दिवसाची ठेवा.

वर्षाच्या शेवटीही हीच गत. पॉलिसी ३१ मेला संपते, प्रवास १० जूनचा, पैसे जानेवारीत भरलेले. ५ जूनला कोणी आजारी पडलं तर जुनी पॉलिसी संपलेली. नूतनीकरण त्याच कंपनीकडे, एका दिवसाचीही खंड न पडू देता केलेलं असेल तर अनेक कंपन्या बुकिंगची जुनी तारीख मान्य करतात. १ जूनला दुसरीकडे गेलात तर मे महिन्यात सुरू झालेलं दुखणं तिथे 'आधीपासूनचं' ठरतं.

आकडेमोड

परवडण्याचं गणित मी चलन न धरता 'भागां'त मांडतो. आकडे फक्त रीत दाखवायला आहेत, तुमचे कोटेशन त्या जागी घाला.

४-६ दिवसांच्या एका कामाच्या फेरीचा हप्ता १ भाग धरू. पाचांचे ५. कौटुंबिक फेरीत तुमच्या एकट्याचा वाटा १.६, दोन फेऱ्यांचे ३.२. पन्नास दिवसांची ३.५. एकूण ११.७. वार्षिकचं कोटेशन समजा ५.५. इथे चूक अशी होते की लोक ५.५ ची तुलना ११.७ शी करतात आणि निम्म्याहून जास्त वाचले म्हणून खूश होतात. पण ५० दिवसांची फेरी वेगळी घ्यावीच लागणार आहे. खरी तुलना ५.५ आणि ८.२ ची. वाचतात २.७ भाग. तरीही वार्षिकच स्वस्त, पण फरक वाटतो तेवढा नाही. आणि कामाच्या तीन फेऱ्या रद्द झाल्या तर तोही उरत नाही.

भूभागाचा प्रश्न वेगळा. हप्ते बहुधा 'अमेरिका-कॅनडा धरून' आणि 'वगळून' असे दोन प्रकारचे असतात, कारण तिथला दवाखान्याचा खर्च. पाचांतली एकच फेरी अमेरिकेची असेल तर तेवढ्यासाठी वर्षभराचा महाग पर्याय घेऊ नका. समजा त्या फेरीचा एकेरी हप्ता १.८ आणि अमेरिका धरून वार्षिक ८. वगळून वार्षिक ५.५ अधिक ती एक फेरी १.८, म्हणजे ७.३. दोन अमेरिका फेऱ्या झाल्या की मात्र ९.१ होतात आणि महाग वाटणारी वार्षिकच बरी पडते.

कोटेशन घेताना तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्या ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही: उपचारांची विमा रक्कम, डिडक्टिबल (क्लेममधला आधी आपण सोसायचा भाग) आणि रद्द होण्याची रक्कम. एकेरी पॉलिसीत दिवसांचे टप्पे असतात, त्यामुळे टप्पा ७ दिवसांवर संपत असेल तर आठव्या दिवसाला पुढच्या टप्प्याचा हप्ता लागतो.

कुटुंबासाठी वार्षिक 'फॅमिली' घेताना विचारा की प्रत्येक जण स्वतंत्रपणे प्रवास करू शकतो का. मुलांना बहुधा मोठ्यांसोबतच कव्हर असतं. घरचे वर्षात दोनदाच येणार असतील तर त्यांच्यासाठी एकेरी, तुमच्यासाठी वार्षिक हे मिश्रण सहसा स्वस्त पडतं. मूल आजारी पडून फेरी रद्द झाली तर तुमच्या तिकिटाचे पैसे तुमच्या पॉलिसीतून मिळतात, फक्त 'जवळचे नातेवाईक' या व्याख्येत कोण येतं ते वाचा. सासू-सासरे कधी असतात, कधी नसतात.

क्लेमफाइल

रक्तदाबाबद्दल. गोळी चालू असणं ही अडचण नाही, ती न लिहिणं ही अडचण. प्रपोजल फॉर्ममध्ये (विमा घेतानाच्या अर्जात) प्रश्न असतो: गेल्या इतक्या महिन्यांत औषध, डोसमधला बदल, तपासणी, किंवा निकाल यायची राहिलेली चाचणी आहे का? इथे 'स्थिर' या शब्दाचा अर्थ पॉलिसीचा धरायचा, डॉक्टरांचा नाही. अनेक पॉलिसींत डोस कमी केला तरी तो 'बदल'च समजतात.

दोन्हींतला फरक असा. एकेरीत प्रत्येक वेळी नव्याने उत्तर देता, त्यामुळे माहिती ताजी असते. वार्षिकमध्ये उत्तर एकदाच दिलेलं असतं आणि वर्षात तब्येत बदलली तर कळवण्याची जबाबदारी तुमची, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. मार्चमध्ये गोळी बदलली, ऑगस्टमध्ये परदेशी दवाखान्यात भरती झालात, तर कंपनी मार्चचा कागद मागते. एका ओळीचा ईमेल करून पोच जपून ठेवा. तब्येत सध्या खालीवर होत असेल तर मी एकेरीच सुचवेन.

रकमेपुढचे शब्द वाचा: 'प्रति फेरी' की 'पॉलिसी कालावधीत एकूण'. उपचारांची रक्कम बहुधा दर फेरीला नव्याने मिळते, पण रद्द होण्याची रक्कम काही वार्षिक पॉलिसींत वर्षाला मिळून एकच असते. पहिल्या कौटुंबिक फेरीत ती संपली तर दुसरीला शिल्लक काही नाही. डिडक्टिबल प्रत्येक क्लेमला कापलं जातं, काही ठिकाणी प्रत्येक व्यक्तीमागे.

वार्षिकमध्ये आणखी एक कटकट: तुम्ही कधी निघालात हे कंपनीला माहीतच नसतं. ते सिद्ध तुम्ही करायचं. बोर्डिंग पास जपा. पासपोर्टच्या शिक्क्यांवर विसंबू नका, कित्येक विमानतळांवर आता शिक्का मारतच नाहीत.

सामानाचं दोन्हींत सारखंच. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवरून लेखी तक्रार-अहवाल घ्या, तो नसेल तर क्लेम बहुतेक अडकतोच. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार बॅग फाटली-मोडली तर ७ दिवसांत आणि उशिरा आली तर हातात आल्यापासून २१ दिवसांत एअरलाइनला लेखी कळवावं लागतं. एअरलाइनची जबाबदारी २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंत आहे (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). तिथून मिळालेले पैसे विमा कंपनी वजा करते. चोरी झाली तर २४ तासांत पोलिसांचा कागद. भरती व्हायची वेळ आली तर आधी मदत-क्रमांकावर फोन, कॅशलेस तिथूनच ठरतं. जिवावरचं असेल तर आधी दवाखाना, फोन सोबतचा माणूस करेल.

आणि कामाच्या फेऱ्या: 'व्यावसायिक प्रवास' चालतो का ते बघा. मीटिंग, परिषद सहसा चालतात. यंत्र बसवणं, साइटवर उंचावर चढणं बहुधा वगळलेलं असतं. कंपनीचा लॅपटॉप तुमच्या मालकीचा नसल्याने अनेक पॉलिसींत 'वैयक्तिक सामान' ठरत नाही.

शिक्काबहाद्दर

शेंगेनचं सांगतो. युरोपीय संघाच्या व्हिसा संहितेत किमान ३०,००० युरो कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत वैध आणि मुक्कामाच्या पूर्ण काळासाठी, अशी अट आहे. तातडीचे उपचार, दवाखान्यातली भरती, वैद्यकीय कारणाने मायदेशी परत आणणं आणि मृत्यू, हे त्यात यायला हवं. वार्षिक पॉलिसी या अटींत बसत असेल तर चालते.

अडतं ते प्रमाणपत्रावर. वार्षिकच्या पहिल्या पानावर कधी फक्त पॉलिसीचं वर्ष असतं, रक्कम आणि भूभाग आत कुठेतरी. कंपनीकडून व्हिसासाठीचं वेगळं पत्र मागा: नाव पासपोर्टप्रमाणे, रक्कम युरोत, 'शेंगेन क्षेत्र' हा शब्द, आणि एका फेरीच्या दिवसांची मर्यादा. मल्टिपल एन्ट्री व्हिसाला अर्ज करताना पहिल्या भेटीपुरता पुरावा लागतो, पुढच्या भेटींसाठी विमा घेण्याची जाणीव असल्याची सही अर्जातच असते. म्हणजे वार्षिक आहे म्हणून जास्त मुदतीचा व्हिसा मिळतो असं नाही. आणि शेंगेनमध्ये १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा नियम विम्याशी संबंधित नाही, तो वेगळा मोजा.

खिडकीचीसीट

खूपच उपयोगी, धन्यवाद. म्हणजे ३० दिवस मर्यादेची वार्षिक, अमेरिका वगळून, आणि ५० दिवसांसाठी वेगळी. पण त्या ५० दिवसांत दोन्ही पॉलिसी एकदम चालू असतील. त्याने काही बिघडतं का?

बारीकअक्षर

बिघडत नाही, पण लपवू नका. क्लेम फॉर्मवर 'इतर विमा आहे का' हा रकाना असतो, तिथे दोन्ही नंबर लिहा. दवाखान्याच्या बिलासारखा प्रत्यक्ष खर्च दोन्हींकडून मिळून एकदाच मिळतो. अपघाती मृत्यूसारखी ठरलेली रक्कम असेल तर दोन्हींतून मिळू शकते, पण ३० दिवसांची मर्यादा ओलांडलेल्या फेरीला वार्षिक मोजणारच नाहीत, असं धरून चाला. ५० दिवसांची पॉलिसी तिकीट काढाल त्याच दिवशी घ्या, म्हणजे रद्द होण्याचं कव्हर लगेच लागू.

क्लेमफाइल

वार्षिकची शेवटची तारीख कुठल्या फेरीच्या मध्ये पडते का, तेही कॅलेंडरवर बघून घ्या. काही पॉलिसी घरी परतेपर्यंत चालतात, बऱ्याच त्या रात्री बाराला बंद होतात. स्कीइंग, स्कूबा किंवा उंचावरचा ट्रेक असेल तर त्याचं जोडकव्हर वार्षिकमध्ये ठरावीक दिवसांपुरतंच मिळतं. तेवढ्या एका फेरीसाठी एकेरीवर जोडकव्हर घेणं सहसा स्वस्त पडतं.