रोइंग मशीन: रेट १८ ला जास्तच दम लागतो, मदत हवी आहे

दमछाक:
दमसास वाढवायचा तर रेट १८ (मिनिटाला १८ स्ट्रोक) ठेवून ४० मिनिटं मारा, असं जो तो सांगतो. तीन आठवडे झाले, पंधराव्या मिनिटालाच मांड्या भरून येतात. २४ ला मात्र मजेत जातं. काय चुकतंय? लवकर सांगा, उद्या परत बसायचंय.

खटपट्या:
वय? स्प्लिट, म्हणजे ५०० मीटरला लागणारा वेळ? छातीचे ठोके? तुमची पत्रिका मांडू का आता?

दमछाक:
स्प्लिट २:१५, दोन्ही रेटला. १८ ला ठोके १६५.

संथ वल्हं:
इथंच घोडं पेंड खातंय. २:१५ म्हणजे साधारण १४२ वॉट. २४ ला एका स्ट्रोकला ३५५ ज्यूल पडतात, १८ ला ४७३. प्रत्येक ओढ एक तृतीयांशाने जड! ओढ तीच ठेवून रेट उतरवलात तर स्प्लिट २:२९ च्या आसपास येईल. येऊ द्या.

खटपट्या:
गणित राहू द्या हो. डॅम्पर (पंख्याची हवा कमी-जास्त करणारा खटका) १० वर असणार, पैज लावतो. चार-पाचवर आणा.

दमछाक:
डॅम्पर नाहीये. पाण्याची टाकीवालं मशीन आहे.

खटपट्या:
हे आधी सांगायला काय झालं होतं?

घरचा वैद्य:
टाकीतलं पाणी हिरवट झालं की क्लोरीनची गोळी टाकावी. मी सहा महिन्यांनी टाकतो.

दमछाक:
पाणी स्वच्छ आहे हो!

रोज दहा किमी:
त्यापेक्षा पळा. बूट घातले की झालं.

संथ वल्हं:
पळण्याचा धागा वेगळा काढा. दमछाक, पाण्याच्या मशीनचा मॉनिटर आपल्या हिशेबाने चालतो, आकडे थोडे हलतील, पण गोष्ट तीच. ओढ संपवून पुढे परतताना काय करता?

दमछाक:
पटकन पुढे येतो आणि गुडघे छातीशी घेऊन थांबतो. नाहीतर रेट २२ होतो.

संथ वल्हं:
अहो, तिथं पोट दाबलं जातं, श्वास कसा पुरणार? १८ ला एका स्ट्रोकला सव्वातीन सेकंदांहून जरा जास्तच मिळतात. ओढायला एक, बाकी सगळे परतायला. आधी हात गुडघ्यांपुढे, मग कंबरेतून वाका, गुडघे सगळ्यात शेवटी. थांबायचं नाही, सरकत राहायचं.

दमछाक:
आज केलं. स्प्लिट २:३१, ठोके १४२, ३५ मिनिटं. मांड्या ठीक. पण बूड पार बधिर झालंय, त्याला काय करू?

खटपट्या:
सीटवर गादी आहे की नुसतं लाकूड? आधी ते सांगा.