वायफाय मेमरी कार्ड कसं सेट करायचं? जुना कॅनन, मोडी कागद आणि टॅब. सल्ला हवाय

रुमालवाली

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. आमच्या गावच्या वाड्यात माळ्यावरच्या पेटीत सात रुमाल मोडी कागद निघालेत. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठे, ज्यांनी जुनं दफ्तर बघितलंय त्यांना माहीत असेल. आत्तापर्यंत सगळ्यात जुना सापडला तो शके १७६० चा, म्हणजे १८३८ च्या आसपासचा. बरेच कागद घडीवर उकललेत, म्हणून ठरवलंय की प्रत्येक कागद एकदाच उलगडायचा, फोटो काढायचा आणि परत हात लावायचा नाही.

कॅमेरा आहे कॅनन ११००डी, ट्रायपॉडला आडवा दांडा लावून खाली तोंड करून बांधलाय. ह्या कॅमेऱ्यात कार्ड बॅटरीच्याच कप्प्यात खालच्या बाजूला बसतं, म्हणजे कार्ड काढायचं तर कॅमेरा प्लेटवरून सोडवा, परत बांधा, परत फ्रेम जुळवा, अर्धा तास गेला. आणि मोडी वाचणारे घरात एकच, माझे चुलत सासरे, त्यांना आम्ही नाना म्हणतो, वय ८१. कागद माजघरात आहेत कारण तिथे वारा नाही आणि ऊन नाही, पण नानांना तिथल्या अंधारात बसवत नाही, ते ओसरीवर खुर्ची टाकून बसतात. मला हवंय असं की मी आत फोटो काढला की त्यांना ओसरीवर टॅबवर दिसावा आणि त्यांनी कागद उघडा असतानाच सांगावं की अक्षर लागतंय की नाही.

नणंदेच्या मुलाने मागे जपानहून आणलेलं तोशिबाचं फ्लॅशएअर कार्ड आहे, म्हणजे स्वतःचं वायफाय असलेलं मेमरी कार्ड, डब्ल्यू-०४, ३२ जीबी, पाकीटही फोडलं नव्हतं. ते घातलं, टॅबवर त्याचं नेटवर्क दिसलं, पासवर्ड घेतला, एकदा फोटोही दिसले. मग टॅब म्हणतो इंटरनेट नाही आणि स्वतःच सुटतो, आणि थोड्या वेळाने ते नेटवर्कच गायब होतं. ओसरीवर तर दिसतच नाही. वाड्यात ब्रॉडबँड नाही, मोबाइलची रेंज तेवढी आहे. हे कार्ड जमेल का की दुसरं काही घेऊ?

सह्यकडा

ताई, आधी एक विचारतो, केबल का नाही? ११००डी ला यूएसबी आहे, मिनी-बी पिन, कॅननचं ईओएस युटिलिटी फुकट मिळतं, लॅपटॉपला जोडलं की लाइव्ह व्ह्यू मोठ्या स्क्रीनवर दिसतो, तिथूनच क्लिक होतं आणि फोटो थेट लॅपटॉपवर उतरतो. कागदांच्या कामाला ह्याच्याइतकं भरवशाचं काही नाही. मी जुन्या पोथ्यांचं काम असंच केलंय.

रुमालवाली

दादा, लॅपटॉप आहे, पण तो माजघरातच राहणार ना. नाना ओसरीवर. मध्ये दोन खोल्या आणि पांढऱ्या मातीच्या दीड-दीड हात जाड भिंती आहेत.

लेन्सवाला_जुना

कार्ड चांगलं आहे ताई, दुसरं घेऊ नका. तुम्हाला जे दिसलं त्यातलं काहीच बिघाड नाहीये, एकेक सांगतो.

टॅब सुटतो कारण कार्डाच्या नेटवर्कला इंटरनेट नसतं आणि अँड्रॉइडला वाटतं हे निकामी आहे. 'इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का' असा मेसेज येतो त्याला हो म्हणा आणि परत विचारू नको वर टिक करा. टॅबमध्ये सिम असेल तर तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर ब्राउझर कार्डाकडे जायच्या ऐवजी बाहेर शोधत बसतो.

नेटवर्क गायब होतं त्याची दोन कारणं. पहिलं म्हणजे कार्डाला वीज कॅमेऱ्याकडून मिळते, कॅमेरा झोपला की कार्ड मेलं. मेनूत ऑटो पॉवर ऑफ आहे ते 'ऑफ' करा. दुसरं, कार्डाला स्वतःचा टायमर असतो, पाच मिनिटं कोणी जोडलेलं नसेल तर वायफाय बंद करून टाकतं. तो वाढवता येतो.

आणि ओसरीवर दिसत नाही ते दिसणारच नाही, नखाएवढा अँटेना आहे, तोही कॅमेऱ्याच्या पोटात. एका खोलीत चालतं, मातीच्या भिंतीपलीकडे विसरा. ह्यावर उपाय आहे पण जेवून येऊन लिहितो, फोनवर टाइप करणं अवघड आहे.

मनीमाऊ_पुणे

ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना एक लक्षात ठेवा, पुढे साधं एचटीटीपी पाहिजे, एस वालं नाही. हल्लीचे ब्राउझर आपणहून एस लावतात आणि मग पान उघडत नाही, मी ह्यात एक पूर्ण संध्याकाळ घालवली होती. कार्डाच्या स्वतःच्या नेटवर्कवर असाल तर पत्ता १९२.१६८.०.१, आणि पासवर्ड कारखान्यातून एक ते आठ आकडे ओळीने असाच येतो, तो पहिल्या दिवशीच बदला. अ‍ॅपच्या मागे लागू नका, ह्या जुन्या अ‍ॅपांचं नव्या अँड्रॉइडवर काही खरं नसतं. ब्राउझर पुरतो.

लेन्सवाला_जुना

हं, आता उपाय. ह्या कार्डाला दोन पद्धतीने चालवता येतं. एक म्हणजे ते स्वतः नेटवर्क बनतं, जे तुम्ही आत्ता वापरताय. दुसरी पद्धत, ते दुसऱ्याच्या नेटवर्कला जाऊन जोडलं जातं, जसा आपला फोन घरच्या राउटरला जोडतो तसा. तुम्हाला ही दुसरी हवी. आणि राउटरला इंटरनेट असायची काही गरज नाही! घरात कोणाकडे जुना, पडून असलेला राउटर असेल तर तो आणा, नुसता विजेला लावा, माजघराच्या दाराच्या उंबरठ्यापाशी ठेवा. कार्ड त्याला आतून जोडेल, टॅब बाहेरून. राउटरचा अँटेना मोठा, तो भिंतीपलीकडेही पोचतो आणि दार उघडं असलं तर प्रश्नच नाही.

आता सेटिंग. कार्ड लॅपटॉपला रीडरने लावा. त्यात एसडी-डब्ल्यूलॅन नावाचा लपवलेला फोल्डर असतो, विंडोजमध्ये 'हिडन आयटम्स' चालू केलं की दिसतो. काहीही करायच्या आधी तो अख्खा फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करून ठेवा. आत कॉन्फिग नावाची फाइल आहे, तिला मागे एक्स्टेन्शन नसतं. नोटपॅडने उघडा आणि सेव्ह करताना मागे टीएक्सटी लागू देऊ नका, लागलं तर कार्ड ती फाइल वाचतच नाही आणि आपण डोकं धरून बसतो. त्यात ओळी इंग्रजी कॅपिटलमध्ये असतात, डावीकडे नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग किंमत. अ‍ॅपमोड समोर ४ असेल, म्हणजे स्वतःचं नेटवर्क. तिथे ५ करा, म्हणजे राउटरला जोडणं. अ‍ॅपएसएसआयडी समोर राउटरच्या वायफायचं नाव, स्पेलिंग आणि कॅपिटल-स्मॉल अगदी तंतोतंत. अ‍ॅपनेटवर्ककी समोर राउटरचा पासवर्ड. अ‍ॅपऑटोटाइम समोर ३००००० दिसेल, ते मिलिसेकंदात आहे, म्हणजे तुमची ती पाच मिनिटं, तिथे ० केलं की टायमर बंद. सेव्ह करा, कार्ड नीट इजेक्ट करून काढा, कॅमेऱ्यात घाला. नंतर कधी ती फाइल उघडलीत तर पासवर्डाच्या जागी फुल्या दिसतील, घाबरू नका, कार्ड स्वतः तो झाकून टाकतं.

राउटरमध्ये बघा २.४ गिगाहर्ट्झ चालू असलं पाहिजे, कार्डाला ५ कळतच नाही. सुरक्षेला डब्ल्यूपीए२ ठेवा, नुसतं डब्ल्यूपीए३ केलेलं असेल तर जोडणार नाही. राउटर नसेलच तर फोनचा हॉटस्पॉट पण चालतो, फक्त त्याचा बँड २.४ वर करायचा.

रुमालवाली

दादा किती नीट सांगितलंत, मनापासून आभार. दिराकडे जुना राउटर आहे, उद्या आणते. पण जोडल्यावर टॅबमध्ये पत्ता कुठला टाकायचा? तोच १९२.१६८.०.१?

मनीमाऊ_पुणे

नाही ताई, आता पत्ता राउटर देणार. लॅपटॉपवरून राउटरच्या पानावर जा, जोडलेल्या उपकरणांची यादी असते त्यात कार्ड दिसेल, समोर पत्ता असेल. राउटरमध्ये सोय असेल तर तो पत्ता त्या कार्डासाठी कायमचा राखून ठेवा, म्हणजे रोज शोधायला नको आणि टॅबवर बुकमार्क करून नानांना एका बोटात उघडता येईल.

सह्यकडा

मी केबलवालाच आहे पण ओसरीचं कारण पटलं. मात्र एक गोष्ट तळमळीने सांगतो, टॅबवरून कार्डावर काही लिहायचं नाही आणि पुसायचंही नाही. फक्त बघायचं आणि उतरवून घ्यायचं. कॅमेरा चालू झाला की कुठली फाइल कुठे आहे ह्याची यादी तो स्वतःच्या डोक्यात धरून ठेवतो. मागच्या दाराने वायफायवरून कोणी काही पुसलं तर कॅमेऱ्याला त्याचा पत्ताच नसतो, तो जुन्याच यादीप्रमाणे पुढचा फोटो लिहितो आणि एकावर एक चढून दोन्ही जातात. तुमचे कागद परत उलगडायचे नाहीत म्हणताय, म्हणून जास्त काळजी. कार्डात वेबडॅव्हची सोय आहे, तिने कार्ड नेटवर्क ड्राइव्हसारखं दिसतं, ती वापरलीत तर कॉन्फिगमध्ये वेबडॅव्ह समोर १ ठेवा म्हणजे फक्त वाचता येतं, २ केलं तर लिहिताही येतं, ते नको.

आणि कॅमेऱ्यात फॉरमॅट मारू नका, तो लपवलेला फोल्डर जाईल. कार्डावर एकच फोटो असलेला, नावात १०० हा आकडा आणि टीएसबी ही अक्षरं असलेला एक फोल्डर दिसेल, तो कार्डाचा स्वतःचा आहे, तोही राहू द्या.

पाऊलखुणा

मध्येच येतोय. माझ्याकडे ह्याच जातीचं दुसरं कार्ड आहे, ईझी शेअर, ते आईच्या सीपॅप मशीनमध्ये घातलंय, झोपेत श्वास अडू नये म्हणून लावतात ते मशीन. मशीन रात्रभराची नोंद एसडी कार्डावर लिहितं, पूर्वी दर वेळी कार्ड काढून आणायला लागायचं आणि आई परत घालायला विसरायची. आता सकाळी त्याच्या नेटवर्कला जोडतो, पासवर्ड आठ वेळा आठ असतो, पत्ता १९२.१६८.४.१, नोंद उतरवतो आणि ऑस्कर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बघतो. इथेही नियम तोच, फक्त वाचायचं. रुमालवाली ताईंचं कार्ड बिघडलंच कधी तर हे बघा, ह्याचं अ‍ॅडॅप्टर मिळतं ज्यात आपलं साधं मायक्रोएसडी घालता येतं. मात्र ते स्वतःचंच नेटवर्क बनवतं, तुमच्या भिंतींपुढे किती टिकेल ते बघावं लागेल.

लेन्सवाला_जुना

विकत घेणाऱ्या बाकीच्यांसाठी पण लिहून ठेवतो. सेकंडहँड बाजारात आय-फाय नावाच्या कंपनीची जुनी वायफायवाली कार्डं स्वस्तात दिसतात. घेण्याआधी विचार करा. ती कार्डं सेट करायला कंपनीच्या सर्व्हरशी बोलावं लागायचं आणि २०१६ च्या सप्टेंबरात कंपनीने जुन्या मॉडेलांचा आधार काढून घेतला, कार्डं धडधाकट पण लोक अडकले. फ्लॅशएअरचं बरं की सगळं कार्डातच आहे, तोशिबाचा मेमरीचा धंदा वेगळा होऊन २०१९ मध्ये त्याचं नाव किओक्सिया झालं तरी ताईंचं कार्ड कोणाला न विचारता चालतंय. कुठलंही घेताना मी हेच विचारतो, कंपनी उद्या नसली तर हे चालेल का.

ताई, बॅटरीचं काय करताय? वायफाय चालू असलं की ती लवकर उतरते आणि ती बदलायला परत तोच खालचा कप्पा. डमी बॅटरी घ्या, एलपी-ई१० च्या मापाची, वायर प्लगला जाते. कप्प्याच्या झाकणाला त्या वायरीसाठी छोटी खाच असते.

रुमालवाली

डमी बॅटरीचं लक्षातच आलं नव्हतं, मागवली. चार दिवसांनी सांगते काय झालं ते.

रुमालवाली

मंडळी, चालू झालं!! पहिल्या दिवशी अडलं ते टीएक्सटीवरच, सांगूनसुद्धा तेच झालं, विंडोज एक्स्टेन्शन लपवतं त्यामुळे दिसलंच नाही. ते दाखवायला लावलं, नाव दुरुस्त केलं, कॅमेरा बंद करून चालू केला आणि राउटरच्या यादीत कार्ड आलं. राउटर उंबरठ्याजवळच्या कोनाड्यात ठेवलाय.

रॉ (कॅमेऱ्याची मूळ, मोठी फाइल) आणि जेपेग (नेहमीचा छोटा फोटो) दोन्ही काढते. नाना फक्त जेपेग उघडतात, तो चार-पाच एमबीचा, काही सेकंदांत येतो. रॉ सोळा-सतराच्या घरात जाते, ती वायफायवरून ओढतच नाही, संध्याकाळी काम संपलं की कार्ड काढून रीडरने लॅपटॉपवर आणि वेगळ्या हार्ड डिस्कवर टाकते. कॅमेरा दिवसातून एकदाच सुटतो.

काल एका कागदावर नाना ओसरीवरून ओरडले, थांब, घडी करू नकोस, शेवटून तिसरी ओळ दिसत नाही. बघते तर दुमडलेला कोपरा खाली वळलेला, त्याच्याखाली अख्खी ओळ. हाडाच्या सुरीने हळूच सरळ केला, परत फोटो काढला, आणि त्या ओळीत विहिरीच्या पाण्याची पाळी कोणाकडे होती ते निघालं. संध्याकाळी कळलं असतं तर तो कागद आम्ही परत उलगडला नसता.

एकच राहिलं. फोटोंना नावं आयएमजी आणि आकडा अशी येतात, कुठला कुठल्या रुमालातला ते कसं लावायचं?

सह्यकडा

नावं कार्डावर बदलू नका. प्रत्येक रुमाल सोडला की पहिला फोटो चिठ्ठीचा काढा, 'रुमाल ३, कागद १ पासून' आणि तारीख. प्रत्येक कागदाशेजारीही आकड्याची छोटी चिठ्ठी आणि एक पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. नावं लॅपटॉपवर उतरवल्यावर एकगठ्ठा बदलता येतात, मूळ प्रत तशीच ठेवून.

रुमालवाली

हो, चिठ्ठ्या आज रात्री लिहून ठेवते. चौथा रुमाल उद्या सकाळी सोडतोय.