ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन: विमानाचं अंतर आणि वेळ (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. आर्क्टिक फळ्यावर शेकडो वेळा काढला, पाहिला कधीच नाही. जुलैत त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतील, म्हणून मी आणि भाऊ त्यांना स्वालबार्डला, म्हणजे आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या बेटांवर, नेतोय. मुंबईहून ओस्लो, मग उत्तर नॉर्वेतलं ट्रॉम्सो, मग स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन असा बेत आहे.

घरच्या नकाशात हा शेवटचा टप्पा मुंबई-दिल्लीच्या जवळपास तिप्पट दिसतो. खरंच एवढा लांब आहे का? तसं असेल तर ट्रॉम्सोला एक मुक्काम करावा म्हणते, बाबांचे गुडघे दुखतात. शिवाय एजंट म्हणतात, स्वालबार्ड नॉर्वेचंच आहे, सिंगल एन्ट्री (एकदाच प्रवेशाचा) शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांसाठीचा सामायिक व्हिसा, पुरेल. अर्ज पुढच्या आठवड्यात भरायचाय.

प्रतिसाद १

ताई, व्हिसाचं आधी सांगतो. सिंगल एन्ट्री अजिबात घेऊ नका! स्वालबार्ड नॉर्वेच्या अखत्यारीत आहे, पण शेंगेनमध्ये नाही. तिकडे निघालात की शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते आणि परतताना पुन्हा प्रवेश लागतो. डबल किंवा मल्टिपल एन्ट्रीच मागा.

आता अंतर. ट्रॉम्सो साधारण ६९.७ अंश उत्तरेला, लाँगइयरब्येन ७८.२. एका अंशाला १११ किलोमीटर धरले तर साडेआठ अंशांचे साडेनऊशेच्या आसपास होतात. लाँगइयरब्येन थोडं पश्चिमेला आहे, म्हणून ९६० धरा. मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच! भिंतीवरचा नकाशा मर्केटरचा असणार, तो ध्रुवाकडची जमीन ताणून दाखवतो. बाबांना हे मी काय सांगायचं.

विमानाला दीड ते पावणेदोन तास लागतात. दोन्हीकडे घड्याळ एकच. ओस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणारं विमान घेतलंत तर ट्रॉम्सोला उतरून पासपोर्ट तपासणी करून परत चढायचं असतं, म्हणून पासपोर्ट हातातच ठेवा. मुक्काम थकव्यासाठी हवा तर करा, अंतरासाठी गरज नाही. त्यापेक्षा परतीला एक दिवस मोकळा ठेवा. तिथे धुकं दाटलं की विमानं उतरू शकत नाहीत, कधी अर्ध्यातून मागे फिरतात.

धागाकर्ती

खूप खूप आभार! एजंटना लगेच कळवते. बाबांनी पट्टी घेऊन स्वतः हिशोब केला, त्यांचेही ९५५ आले. आता ते म्हणतात, एवढं जातोच आहोत तर भारताचं तिथलं हिमाद्री संशोधन केंद्रही बघू. तिथे विमान जातं का?

प्रतिसाद २

हिमाद्री स्वालबार्डमधल्याच नी-ऑलेसुंद या छोट्या वस्तीत आहे, २००८ पासून. गोव्यातली ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. लाँगइयरब्येनहून हवाई अंतर जेमतेम ११० किलोमीटर, छोट्या पंख्याच्या विमानाने पंचवीसेक मिनिटं. पण ती विमानं संशोधक आणि तिथल्या कामाच्या माणसांसाठी असतात. पर्यटक उन्हाळ्यात बोटीने जातात. जुलै त्याला योग्यच आहे, त्या महिन्यात तिथे सूर्य मावळतच नाही. केंद्र बाहेरूनच बघायला मिळेल, आणि बोटीला बराच वेळ लागतो, तेव्हा काकांच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवा.